वाळ्याच्या पडद्याशेजारची जागा

ब्राह्मणपुरीला मामांच्या भावाच्या नातवाला मी खरं काय ते सांगितलं, पण त्याला ते पटलं नाही. त्यांच्या घरात एकच गोष्ट चालत आली आहे. कोकणातून आलेल्या एका अव्वल कारकुनाने मामांना ओल्या पडद्याशेजारी बसवून बसवून त्यांची छाती घालवली, आणि शेवटी नोकरीवर परतूही दिलं नाही. मी म्हटलं, तसं नव्हतं, तो माणूस तसा नव्हता. नातू हसला. म्हणाला, "बाबा, तुम्हीबी कारकूनच ना. कारकून कारकुनाचीच बाजू घेईल." मग त्याने माझ्यासाठी खाट सावलीत ओढली आणि पपईचं बोलणं काढलं.

म्हणून लिहून ठेवतो आहे. याचा उपयोग होईल असं वाटत नाही. ज्यांचं नुकसान झालं ते मामा कधीच गेले. ज्यांच्यावर आळ आला तेही गेले. उरलो मी, आणि माझ्या सांगण्याला माझ्याच माणसांत वजन नाही.

मी रनाळ्याचा. आईचं माहेर ब्राह्मणपुरी, म्हणून त्या गावचा प्रत्येक पुरुष माझा मामा. त्यांतले एक नंदुरबारच्या मामलेदार कचेरीत कारकून होते. जर्मनची लढाई संपल्यावर दोन-तीन वर्षांनी वडिलांनी मला त्यांच्या ओसरीवर आणून सोडलं. मराठी फायनल पास झालो होतो, अक्षर बरं होतं. मामांनी शब्द टाकला आणि मी कचेरीत उमेदवार झालो. उमेदवार म्हणजे पगाराशिवाय काम करायचं, नकला उतरवायच्या, कागदांच्या गठ्ठ्यांचे रुमाल बांधायचे-सोडायचे आणि कुणीतरी निवृत्त होण्याची किंवा मरण्याची वाट बघायची. राहायला मामांची ओसरी होती, जेवायला मामींच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. त्या घरात मूल एकच, लग्न होऊन गेलेली मुलगी. मामी मला कधी परका म्हणाल्या नाहीत.

कचेरीची खोली लांबट होती. एका टोकाला मामलेदारांच्या खोलीचं दार, दुसऱ्या टोकाला दप्तराची फडताळं. भिंतीला लागून जाजमावर गाद्या आणि प्रत्येक गादीपुढे उतरतं मेज. मामलेदारांच्या दाराशी पहिली गादी अव्वल कारकुनांची. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. दुसरी गादी मामांची, त्यांना कचेरीत आबा म्हणत, तिसरी फौजदारी कारकुनांची, मग आणखी दोन कारकून, आणि अगदी शेवटी फडताळांच्या कोपऱ्यात चटईवर मी.

त्या गाद्यांना केवढा अर्थ होता, हे आजच्या टेबलखुर्चीच्या माणसाला कळायचं नाही. कुणाला बढती मिळाली तर 'बढती मिळाली' असं आम्ही म्हणत नसू, 'वर सरकला' म्हणत असू. खेड्यावरून येणाऱ्या पाटलाला माणसाचं नाव ठाऊक नसे, हुद्दा ठाऊक नसे, फक्त जागा ठाऊक असे. धानोऱ्याचा पाटील दारातून आत आला की पहिल्या गादीला वाकून रामराम, दुसरीला त्याहून जरा कमी वाकून, तिसरीला नुसता हात. पाचवीपर्यंत येता येता त्याचा रामराम संपलेला असे. चटईपर्यंत तो कधी आला नाही. मामलेदार बदलून आले की तेही पहिल्या दिवशी माणसं ओळखत ती गाद्यांवरूनच.

मामांना ती दुसरी गादी फार उशिरा मिळाली होती. तिच्यावर बसूनच नोकरी पुरी करायची आणि पुऱ्या पेन्शनीवर मानाने उठायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. गावच्या शेतीतला आपला हिस्सा त्यांनी भावांकडे सोडला होता. नोकरीवाल्याने मातीत हात घालू नये, असं भावांनी म्हटलं आणि मामांनी मानलं. म्हणजे पुढचा सगळा भरवसा त्या गादीवर. पुरी पेन्शन व्हायला आणखी तीन उन्हाळे काढायचे होते.

आणि उन्हाळा हीच अडचण होती.

पश्चिमेचं दार बरोबर दुसऱ्या गादीच्या बाजूला होतं. होळी झाली की त्या दाराला वाळ्याचा पडदा टांगत आणि पट्टेवाला दर घटकेला त्यावर घागर ओते. बाहेरची लू त्या ओल्या मुळ्यांतून आत आली की थंड होऊन येई, वाळ्याचा वास घेऊन येई. वर आढ्याला कापडी पंखा होता. त्याची दोरी भिंतीच्या भोकातून ओसरीत गेलेली, आणि ओसरीत बसून ती ओढायला सातपुड्यातला एक पंखेवाला. तो होळी करून खाली उतरे आणि पेरणीला परत डोंगरावर जाई. पडदा आणि पंखा मिळून खोलीत दुपारीही माणूस काम करू शके. पण त्या वाऱ्याचा पहिला झोत ज्याच्या छातीवर बसे, ते आमचे मामा.

भाऊसाहेब अंगाने जड होते. कोकणातली दमट हवा त्यांच्या सवयीची, आमची कोरडी आग त्यांना सोसत नसे. नाकातून रक्त येई. ते पडदा सुकू देत नसत. मामा म्हणत, सुकू द्या.

नवल असं, की मामा एकदाही म्हणाले नाहीत की मला त्रास होतो. ते कागदांची बाजू घेऊन भांडत. ओलीने रुमाल भिजतात, शाई फुटते, उद्या नकाशावरची हद्द पुसली तर दोन गावांत डोकी फुटतील. भाऊसाहेबही स्वतःच्या नाकाबद्दल बोलत नसत. ते म्हणत, मामलेदारसाहेबांना दुपारी ताप होतो, पडदा त्यांच्यासाठी आहे. म्हणजे एक कागदांचा वकील आणि दुसरा साहेबांचा, आणि दोघांचं दुखणं त्या वादात कुठेच नव्हतं. तिसऱ्या गादीवरचे फौजदारी कारकून हे सगळं ऐकत आणि मधूनच एखादी काडी टाकत. वैशाखात मामांनी छातीभोवती उपरणं गुंडाळलं की ते म्हणत, "आबांचं बरं आहे. आमचा वैशाख, त्यांचा पौष. एका कचेरीत दोन महिने."

पंखेवाल्याची तर फारच ओढाताण. भाऊसाहेबांचा पट्टेवाला जाऊन सांगे, जोरात. मामा बाहेर तंबाखू खायला जाताना त्याच्या हातावर चिमूट ठेवत आणि डोळ्यांनीच सांगत, हळू. एकदा मामलेदारांनीच त्याला विचारलं की पंखा असा आजारी का चालतो. त्याने सांगितलं, "एक सांगस ओढ, दुसरा सांगस थांब. मी दोन्हीबी करस." सगळी कचेरी हसली. मामाही हसले, आणि हसताना त्यांना जो खोकला आला तो त्यांनी उपरण्यात दाबून धरला.

त्यानंतर मामलेदारांनी तोड काढली. दुपारपर्यंत पडदा कोरडा, मग ओला. आठवडाभर चाललं. मग सकाळची लूही तापली आणि भाऊसाहेबांच्या मेजावर रक्ताचे थेंब पडले. तोड मोडली. मग पडदा ओला पण पंखा बंद, असं केलं. खालच्या गाद्यांवरचे कारकून कुरकुरले, कारण पंख्याशिवाय गारवा त्यांच्यापर्यंत पोचेना. प्रत्येक तोड कुणाच्या तरी अंगावर येई, आणि फिरून सगळं पहिल्यासारखं होई.

मामांना दमा होता. ही गोष्ट कचेरीत फक्त मला ठाऊक होती, कारण मी त्यांच्या ओसरीवर झोपायचो. मामी एरंडाचं तेल कोमट करून त्यांची छाती चोळत. मामा गुडघ्यांवर कोपरं टेकून बसलेले असत, आडवं होता येत नसे. मामींनी मला पहिल्याच वर्षी शपथ घातली होती की कचेरीत बोलायचं नाही. आजारी कारकुनाला धुळ्याला सिव्हिल सर्जनकडे पाठवतात आणि डॉक्टरने नापास केलं की अर्ध्या वाटेवर घरी बसवतात, हे त्यांनाही माहीत होतं. मी शपथ पाळली. त्या वेळी मनापासून पाळली.

चौथ्या उन्हाळ्यात माझ्या मनात एक विचार आला. तो चांगल्या हेतूने आला असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. आज नक्की सांगता येत नाही. तेव्हा मला चोविसावं लागलं होतं, माझ्याबरोबरची पोरं बाप झाली होती, आणि चटईवरच्या माणसाला कुणी मुलगी देत नव्हतं.

घरी एकदा भाकरी खाताना मी म्हटलं, "मामा, दुपारनं तुम्ही मन्हा कोपरामा बठा. मी तुमनी जागावर बठस. कोपरामा वारा लागत नही."

मामांनी घास हातातच ठेवला. "जागा सोडानी नही रे भाऊ," ते म्हणाले. एवढंच.

पण मामींनी ऐकलं होतं. त्या मामांकडे पाहत राहिल्या. दोन दिवसांनी दुपारच्या घागरीनंतर मामा उठले, एक रुमाल काखेत घेऊन फडताळाशी आले, आणि जुनं काहीतरी शोधायचं आहे असं दाखवत माझ्या चटईवर बसले. मला म्हणाले, तोवर तिकडची नक्कल तू पुरी कर. मी जाऊन दुसऱ्या गादीवर बसलो.

पहिले काही दिवस ते दर वेळी काहीतरी शोधायला येत. मग निमित्त संपलं आणि नुसतेच येऊ लागले. भाऊसाहेबांनी हरकत घेतली नाही. कोपऱ्यात कागद कोरडे राहतात, मामांना तेच हवं होतं, असं त्यांना वाटलं असावं. पडदा ओला राहू लागला, पंखा एका चालीने चालू लागला, मामांचा श्वास जरा बरा झाला. भांडण मिटलं म्हणून फौजदारी कारकूनसुद्धा कंटाळले.

पण गादीने आपलं काम सुरू केलं होतं. धानोऱ्याचा पाटील आला, पहिल्या गादीला वाकला, आणि त्याहून जरा कमी वाकून मला रामराम घालून पुढे गेला. मामांकडे त्याने पाहिलंही नाही. कोपऱ्यातला म्हातारा म्हणजे कामावरून काढलेला कुणीतरी, असं त्याला वाटलं असणार. मी त्याला थांबवून सांगायला हवं होतं. मी रामराम घेतला. पुढे पुढे मी दुपारची घागर पडायच्या आधीच तिथे जाऊन बसू लागलो. ढग येऊन पडदा ओला न केलेल्या दिवशीही बसू लागलो. मामा आपल्याच गादीपाशी येऊन क्षणभर उभे राहत, मी काहीतरी लिहीत असे, आणि ते कोपऱ्याकडे वळत. गादीला ऊब नसते, गारवाही नसतो. तरी तिच्यावर बसलं की पाठ आपोआप ताठ होते, हे मी अनुभवाने सांगतो.

प्रांतसाहेब उन्हाळ्यात कधी येत नसत. ते थंडीत तंबू टाकून फिरत. त्या वर्षी प्रांत नवे होते, वयाने तरुण, आणि सुरतेकडून येणाऱ्या गाडीने ते न कळवता नंदुरबारला उतरले. स्टेशनातून टांगा निघाल्याची बातमी घेऊन पट्टेवाला धावत आला. दुपार होती. नुकतीच घागर पडली होती. कोट चढवणं, पगड्या शोधणं, खोलीभर धांदल उडाली.

मामा कोपऱ्यातून उठले. त्या दिवशी सकाळपासून त्यांचा दमा उसळलेला होता, पाऊल सावकाश पडत होतं. ते माझ्यापाशी आले, मेजावर हात टेकला आणि मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात घरच्या भाषेत म्हणाले, "ऊठ रे भाऊ."

कचेरीत आम्ही कचेरीची मराठी बोलायचो. अहिराणी तिथे त्यांच्या तोंडून मी तेव्हाच ऐकली.

मी ऐकलं. पण माझी एक ओळ पुरी व्हायची होती. मी मान वर केली नाही, बोरू दौतीत बुडवला आणि ओळ लिहू लागलो. ओसरीत बुटांचा आवाज आला. खोलीच्या मध्यावर उभं राहणं बरं दिसलं नसतं, म्हणून मामा परत फिरले. ते कोपऱ्यात पोचले आणि साहेब आत आले.

साहेब मराठी तुटक पण स्वच्छ बोलत. गाद्यांच्या क्रमाने त्यांनी ओळख करून घ्यायला सुरुवात केली. भाऊसाहेबांशी बोलले आणि माझ्यासमोर येऊन नोकरी किती झाली म्हणून विचारलं. मी उभा राहून सांगितलं की मी उमेदवार आहे. साहेबांनी भुवया उंचावल्या. मग दुसरे कारकून कुठे आहेत? सगळ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं.

भाऊसाहेब पुढे झाले. त्यांनी सांगितलं की पडद्याच्या ओलीपासून कागद वाचावेत म्हणून दुपारी अशी आपापसात सोय केली आहे, कामात काही खोट नाही. हे मी मुद्दाम लिहितो. त्या माणसाने त्या दिवशी मामांची बाजू घेतली. जेवढं त्यांना ठाऊक होतं तेवढ्यात घेतली.

साहेबांनी मामांना जवळ बोलावलं आणि काहीतरी साधंच विचारलं, बहुधा कोणत्या गावचे म्हणून. मामा आता पंख्याखाली, ओल्या झोतात उभे होते. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि शब्दाच्या जागी नुसती शीळ आली. मग खोकला. तो थांबेना. फौजदारी कारकुनांनी पाण्याचं भांडं पुढे केलं. मामा म्हणाले, आज जरा ठसका लागला, धुळीने.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळ्यांत जवळ होतो. "हे केव्हापासून आहे?"

भाऊसाहेब गोंधळून माझ्याकडे पाहत होते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मामाही पाहत होते.

मी म्हणालो, "मी चार वर्षं पाहतो आहे, साहेब. मी यांच्याच घरी राहतो. पावसाळ्यात आणि थंडीत याहून जास्त असतं."

पावसाळ्याचं आणि थंडीचं कुणी विचारलं नव्हतं.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मामांना बसायला सांगितलं, पडदा वर करायला लावला आणि पुढच्या गादीकडे गेले. संध्याकाळी हुकूम झाला की मामांनी धुळ्याला जाऊन सिव्हिल सर्जनला प्रकृती दाखवावी.

त्या संध्याकाळी मी घरी उशिरा गेलो. मामा ओसरीवर बसले होते. मी पाया पडलो आणि बोलू लागलो, की साहेबांनी एकदम विचारलं, खोटं कसं बोलणार, डॉक्टर कदाचित औषध देतील. मामांनी मला पुरं बोलू दिलं. मग म्हणाले, "तू काय खोटं बोलना रे? खरंच बोलना." आणि मामींना सांगितलं, याला वाढ.

मामींनी वाढलं. मी जेवलो.

धुळ्याहून मामा परत आले ते डोक्यावरची पगडी हातात घेऊन. डॉक्टरने नापास केलं होतं. मिळाली ती तोकडी पेन्शन, आणि त्यावर नंदुरबारात बिऱ्हाड चालणार नव्हतं. वळवाचा पाऊस पडायच्या आधीच त्यांनी भांडीकुंडी गाडीत घातली आणि तापी ओलांडून भावांच्या दारी गेले. जाताना मामींनी ओसरीवरची माझी गोधडी घडी करून माझ्या हातात दिली.

दुसरी गादी मला मिळाली असं कुणाला वाटेल. तसं होत नसतं. फौजदारी कारकून वर सरकले, त्यांच्या जागी पुढचे, त्यांच्या जागी त्यांच्या पुढचे, आणि अगदी खालची गादी मला मिळाली, फडताळाच्या अलीकडची. चटईपासून हातभर वर. तेवढ्यासाठी.

भाऊसाहेबांनी त्या उन्हाळ्यात पडदा पुन्हा ओला करू दिला नाही. का, ते सांगितलं नाही. नाकाला ओला रुमाल लावून ते काम करत. पंखेवाल्याला आता एकच माणूस हुकूम करी आणि तोही क्वचित. खोली भट्टीसारखी तापली, आणि कुणी तक्रार केली नाही.

मामांनी गावात सांगितलं होतं की आपण रजेवर आलो आहोत. भावांच्या घरात, जिथे त्यांना नोकरीवाला म्हणून शेतापासून दूर ठेवलं होतं, तिथे नोकरी गेली हे त्यांच्या तोंडून निघेना. पोळ्याला मी गेलो तेव्हा त्यांचा थोरला भाऊ मला म्हणाला की रजा फार लांबली. मामा माझ्याकडे पाहत नव्हते, बैलाच्या शिंगाचा रंग बघत होते. मी म्हणालो, हो, सरकारी काम, वेळ लागतो.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि मामा गेले. गावाच्या हिशेबी ते नोकरीवर असतानाच गेले. मग प्रश्न उभा राहिला की नोकरीवरच्या माणसाला परत का बोलावलं नाही. कुणीतरी ओल्या पडद्याचं ऐकलं होतं, कुणीतरी अव्वल कारकून कोकणातला आहे हे ऐकलं होतं. दोन्ही जोडायला वेळ लागला नाही. सुतकाच्या दिवसांत थोरल्या मामांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "तू ते तठेच व्हता ना? त्यानीच करं ना हाई?"

मी म्हणालो, "पडदा ओला असायचा, हे खरं."

तेवढं पुरलं.

दहाव्याला भाऊसाहेब आले. कुणी बोलावलं नव्हतं. नंदुरबारहून गाडीने नदीपर्यंत, मग नावेने, मग उन्हातून चालत. ते दारात आले तेव्हा अंगणात गाव बसलेलं होतं. कुणी सरकून जागा दिली नाही. कुणी पाणी विचारलं नाही. आमच्याकडे दारी आलेल्या वैऱ्यालाही पाणी दिल्याशिवाय राहत नाहीत, आणि दुःखाला भेटायला आलेल्याला तर नाहीच. भाऊसाहेब थोडा वेळ उभे राहिले, मामींच्या दिशेने हात जोडले आणि मागे फिरले. त्यांच्या अंगरख्याची पाठ घामाने भिजली होती.

मी उठलो. लघवीला जातो असं दाखवून मागच्या वाटेने गेलो आणि नदीच्या उताराशी त्यांना गाठलं. नाव पलीकडे होती, ती येईपर्यंत थांबावं लागणार होतं. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पण नवल वाटल्यासारखं नाही.

"यांना काय सांगितलं आहे?" त्यांनी विचारलं.

मी पलीकडच्या नावाड्याला हाक घातली. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "चार वर्षं तुम्ही त्यांच्या घरी होता. मला एकदा, एकट्याला, बाजूला घेऊन सांगायचं होतंत. पडदा काढून टाकला असता मी. कागद भिजतात, कागद भिजतात, एवढंच ऐकत आलो मी. पडद्याचं काय एवढं?"

मी म्हणालो, "मामांनी कुणाला सांगू दिलं नसतं. शपथ होती."

"आणि साहेबांना सांगू दिलं त्यांनी?"

नाव येत होती. नावाडी बांबूने तळ चाचपत होता. भाऊसाहेबांनी वहाणा काढून हातात घेतल्या, नावेत चढले, आणि ऊन लागत होतं म्हणून उपरणं डोक्यावर घेतलं. पुढच्याच वर्षी त्यांनी बदली मागून घेतली आणि ते कुठे गेले, कसे गेले, मला फार उशिरा कळलं. मी त्यांना कधी लिहिलं नाही.

मी अंगणात परत आलो. त्याला कोरडा घालवला ते बरं केलं, असं एकजण म्हणत होता, आणि बाकीचे माना हलवत होते. मी आपल्या जागी बसलो. फार चाललेला दिसतोस, असं कुणीतरी म्हणालं आणि माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मी तो उचलून पाणी प्यालो.